पहिल्या ओळीतला पत्ता

१० फेब्रुवारी २००३
आले बाई एकदाची नाशकात! ओझरजवळचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज, आणि मी तिथली कम्प्युटरवाली. आईला अजून वाटतं मी टायपिंग करते. नोकरी लावली हर्षलदादानं. आमच्या सटाण्याचाच, मानलेला भाऊ, राखी बांधते त्याला; इथली मशीनं तोच सांभाळतो. इथल्या थंड खोल्यांची दारं लिनक्सच्या मशीनवरून बंद होतात. त्यांचा नवा प्रोग्राम मी लिहायचा. आत माणूस असेल तर कुलूप लागू द्यायचं नाही, ही ओळ आधी लिहिली.

१३ फेब्रुवारी
फाइलच्या पहिल्या ओळीत सांगावं लागतं, की ही फाइल कोणाकडून वाचून घ्यायची. माझी पर्ल भाषेतली, म्हणून ती वाचणारा पर्ल मशीनवर कुठल्या फोल्डरात आहे, तो पूर्ण पत्ता मी घालत होते. दादा हसला. म्हणाला, वेडाबाई, नुसतं नाव लिही. मशीन ठरलेल्या फोल्डरांत ओळीनं शोधतं आणि त्या नावाचा पहिला जो भेटेल त्याच्या हाती फाइल देतं. किती सोपं! भाऊ असावा तर असा.

१९ फेब्रुवारी
क्रेट भरणाऱ्या मालनबाई तीन नंबरच्या खोलीत कोंडल्या गेल्या. कोणीतरी थापा ऐकल्या म्हणून वाचल्या. ओठ निळे पडलेले, देवा! सगळे माझ्याकडे बघतायत. फाइल परत परत वाचली, ओळ जागेवर आहे. मग दार ऐकत का नाही? मालनबाई म्हणाल्या, गेल्या हंगामात त्यांचा दीर चंदर असाच गेला, तवाबी दार आपोआपच लागलं व्हतं.

२० फेब्रुवारी
सापडलं. ठरलेल्या फोल्डरांत सगळ्यात पुढे दादाचं फोल्डर, आणि त्यात एक ‘पर्ल’. नाव तेच, पण हा खरा नाही. माझी फाइल घेतो, माणूस तपासायची ओळ गाळतो, उरलेलं खऱ्या पर्लकडे देतो. गेल्या हंगामापासून बसलाय तिथे, जुन्या प्रोग्रामचीही हीच ओळ गाळत. दादाला विचारलं तर म्हणतो, तपासत बसलं की ट्रक खोळंबतात, शेठ चिडतात. आणि फाइलवर नाव माझं! केसानं गळा कापला माझा.

२१ फेब्रुवारी
पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता घातला. आता मध्ये कोणी येणार नाही. दादाला तोंडावर सांगितलं, उद्या शेठना सगळं सांगणार, चंदरचंही. तो रडला. राखीची शपथ घातली. मी नाही बधले.

२२ फेब्रुवारी
दादा धावत आला — मालनबाई तीन नंबरात बेशुद्ध पडल्यात म्हणाला — मी पळाले —

आत कोणी नाही.

दार लागलं.

डायरी पर्समध्ये होती. बोटं वळत नाहीत —

माझाच प्रोग्राम. मी आत आहे, त्याला कळत कसं नाही — पूर्ण पत्ता घातलाय मी —

दाराला कान लावला. दादा पलीकडेच आहे. उघडत नाही. समजावतोय, अहिराणीत, घरच्यासारखा. म्हणतो, पत्ता बराबरच शे, स्नेहल — फक्त त्या पत्त्यावर कालपासून खऱ्याच्या जागी माझाच पर्ल रा