एका मताचा फेडरल खटला

१७ जानेवारी २००४, शनिवार
अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटा मराठी मंडळाची निवडणूक. मला ३० मतं, मनोहरला ३१. धडधडीत घोटाळा! एका कुटुंबाला एक मत, चिठ्ठीवर आडनाव. मी माइक टेस्ट करत होतो, म्हणून आमची चिठ्ठी रत्नाने टाकली. सहा वर्षं अध्यक्ष होतो मी. आणि हा पुण्याचा दीडशहाणा मलाच तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो. थोबाड पाहणार नाही त्याचं.

१८ जानेवारी
संकल्प: कोर्ट. थेट फेडरल. रत्ना म्हणाली, सोड ना आता. मुळीच नाही.

२४ जानेवारी
रुचाच्या आठवीच्या पुस्तकात तक्ता सापडला. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, मध्ये १३ सर्किट, वर सुप्रीम. आपल्यासारखंच: जिल्हा, हायकोर्ट, दिल्ली. मनोहरला वरपर्यंत फरफटत नेतो. रुचा इंग्रजीत म्हणाली, स्टेटची कोर्टं वेगळी असतात, असली भांडणं तिकडे जातात. मुलीने बापाला नागरिकशास्त्र शिकवू नये.

२ फेब्रुवारी, सकाळी ११
सिक लीव्ह टाकून डाउनटाउन अटलांटा. वकील केला नाही. वकील माझं ऐकत नाहीत. फॉर्मवर खोच निघाली: एक तर फेडरल कायद्याचा प्रश्न हवा, नाही तर दोघं वेगळ्या राज्यांतले हवेत. लिहिलं: मी नागपूर, तो पुणे. याहून वेगळी माणसं असूच शकत नाहीत. खिडकीतल्या बाईने फॉर्म दोनदा वाचला, शिक्का मारला. इम्प्रेस झाली असावी.

४ मार्च
दोन पानी ऑर्डर. दोघेही एकाच राज्यात, जॉर्जियात राहतात, फेडरल प्रश्न नाही, सबब हे प्रकरण या कोर्टाचं नाही. डिसमिस. जज मूर्ख आहे. अपील करणार. सर्किट कोर्टही अटलांटातच, पार्किंग पाहून ठेवलंय.

९ मार्च
मनोहरचा फोन. म्हणाला, प्रल्हादभाऊ, पाडव्याला सगळ्यांसमोर चिठ्ठ्या परत मोजू आणि मिटवू. टरकला! रत्ना म्हणाली, नको मोजायला. बिचारीला त्याची दया येते.

२१ मार्च, पाडवा
चिठ्ठ्या मीच वाचणार, असा हट्ट धरला. माइकवर. चौदावी: गोतमारे, मत मनोहरला. वाचून झाल्यावर लक्षात आलं, गोतमारे आम्हीच. अक्षर रत्नाचं. मनोहर हसला नाही, पाण्याचा ग्लास दिला. त्याचाच जास्त संताप आला.
गाडीत विचारलं. म्हणाली, सहा वर्षांत एकही रविवार तू घरी नव्हतास. हरलास तर राहशील असं वाटलं होतं. तर तू कोर्टात गेलास.
फार लागलं. एक्झिट चुकली.

२८ मार्च, रविवार
अपिलाची मुदत ३ एप्रिल. फॉर्म टेबलावर आहे. घरीच आहे.
रत्ना रुचाला घेऊन मंडळाच्या मीटिंगला गेलीय. मनोहरने तिला सेक्रेटरी केलंय. जाताना सांगून गेली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.
दोन झाल्या.