वाघासमोर पहिल्या रांगेत

२ मार्च, सकाळी ९.४०
तिकीट मिळालं! छत्तीस वर्षांनी वाघ आपल्या शहरात येतोय. वाघ म्हणजे आमचा रॉकस्टार. वय चौऱ्याहत्तर. आवाज पंचविशीचा. शो १२ एप्रिलला, दुपारी चार वाजता. (चार कारण त्याला प्रकाश आवडत असणार. 'या वयात लवकर झोपावं लागतं,' हे बायकोचं मत. ती शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते, तिला सगळेच लवकर झोपणारे वाटतात.)
तिकीट अगदी पुढचं, उभं राहायचं, रेलिंगला चिकटून. बायको म्हणाली, "अहो, खुर्चीवालं पण मिळतंय की. तुमची पाठ?" मी म्हणालो, पाठीचं काय? वाघाला बसून ऐकणं हा त्याचा अपमान आहे. तिने स्वतःसाठी खुर्चीवालं घेतलं. 'सोबत म्हणून.' कीव आली.

२ मार्च, रात्री जेवणानंतर
संकल्प: (१) रोज पाच किलोमीटर पळणे. (२) वाघाचा जुना काळा टी-शर्ट घालूनच जाणे. (३) गाण्यांच्या मध्ये शांतता झाली की 'पिवळी खिडकी' अशी आरोळी ठोकणे. हे गाणं त्याने वीस वर्षांत स्टेजवर गायलेलं नाही. तो थांबेल. गर्दीत शोधेल. म्हणेल, कोण आहे हा जाणकार?
मग आमची नजरानजर.

३ मार्च, सकाळी ५.३०
पळालो.

३ मार्च, सकाळी ५.३८
कोपऱ्यापर्यंत. शरीराला धक्का देऊ नये, हळूहळू वाढवावं असं शास्त्र आहे. पुढच्या सोमवारपासून पद्धतशीर.

१० मार्च
आजचा सोमवार गेला. लॅबमध्ये काम फार. आमची डेंटल लॅब. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही कवळ्या बनवतो. आज सात पूर्ण कवळ्या आणि एक अर्धी. दिवसभर उभंच असतो, तोही व्यायामच.

१६ मार्च
टी-शर्ट काढला. कपाटातल्या दमटपणामुळे आकसलाय. कन्येने विचारलं, हा माझा लहानपणीचा का? अकरावीत गेल्यापासून तिचा विनोद खालावलाय. बायको म्हणाली, दोन्ही बाजूंना काळ्या कापडाची पट्टी लावून देते. स्पष्ट नकार दिला.

१७ मार्च
पट्ट्या छान बसल्या आहेत.

२५ मार्च
आरोळीचा सराव. घरी शेजाऱ्यांची अडचण, म्हणून लॅबच्या प्लास्टरच्या खोलीत, ग्राइंडरच्या आवाजात. तिसऱ्या वेळी तोंड उघडलं आणि नेमका ग्राइंडर बंद पडला. 'पिवळी खिडकी!' सगळ्या लॅबने ऐकलं. मालक धावत आले आणि खिडकी बघायला लागले. आमची खिडकी पांढरी आहे. म्हणाले, चार दिवस सुट्टी घ्या.
आवाज मात्र पोचतो, हे सिद्ध झालं.

४ एप्रिल
बायको वह्या तपासताना वाघाची गाणी लावून बसते. 'माहिती असावी म्हणून.' आज भाजी परतताना गुणगुणत होती. सूर बरा होता, पण चाल तिला कळलेली नाही असं वाटलं. समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला आवडतंय, ते तरी आवडू द्या." नवशिक्यांचं असंच असतं.

१२ एप्रिल, सकाळी १०.१५
रांगेत. माझ्या आधी फक्त अकरा जण. सगळे टक्कल पडलेले, दोघांच्या गुडघ्याला पट्टे. म्हातारी गर्दी. मी यांच्यात उठून दिसतो.

दुपारी १.३०
रेलिंग पकडलं! स्टेज दहा पावलांवर. पाणी पीत नाहीये, बाथरूमला गेलो तर जागा जाईल.

३.५०
पाठ हा विषयच नाही. बायकोचा मेसेज: 'उशी आणलीय, पाठवू?' उत्तर दिलं नाही.

१३ एप्रिल, दुपारी (पलंगावर, पडून)
कालचं जमेल तसं लिहून ठेवतो.
वाघ आला. हळूहळू, एकेक पाऊल. स्टुलावर बसला. छत्तीस वर्षं ज्याला पोस्टरवर पाहिलं, तो दहा पावलांवर. पहिला सूर लागला आणि मी रडलो. शेजारचा गुडघ्याचा पट्टेवालाही रडत होता. मी जास्त.
दुसऱ्या गाण्यात 'स'ला बारीक शिट्टी आली. वाटलं, स्पीकर.
तिसऱ्यात वरचा सूर आला तेव्हा दिसलं. वरची कवळी केसभर खाली आली. त्याने जिभेने पटकन दाबली आणि सूर अर्ध्यात सोडला. पब्लिक म्हणालं, वा, काय स्टाइल! स्टाइल कसली? एकतीस वर्षं हेच काम करतोय मी. तो सूर सोडत नव्हता, दात धरून ठेवत होता.
त्यानंतर मला गाणं ऐकूच येईना. मी फक्त बघत होतो. प्रत्येक वरच्या सुराला घाबरत होता तो. वाघ घाबरत होता.
पाचव्या गाण्यानंतर त्याने पाण्याचा घोट घेतला. स्टेडियम गप्प. हाच तो क्षण. मी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. बाहेर आलं:
"वरची कवळी सैल झालीये! मागच्या बाजूने धरत नाहीये!"
पट्टेवाला माझ्यापासून लांब सरकला.
वाघाने बाटली खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग तोंडावर हात ठेवला आणि हसायला लागला. खांदे हलेपर्यंत. (हात ठेवला हे बरोबर केलं, नाहीतर निघालीच असती.) माइकवर म्हणाला, "तीन गावांपासून सैल आहे. सगळ्यांना दिसतंय, कोणी बोलत नाही. तू डॉक्टर का?"
मी ओरडलो, "नाही, मी बनवतो!"
"मग काय करू?"
"कवळी चिकटवायची पेस्ट! तीन ठिकाणी, वाटाण्याएवढी! दोन मिनिटं दात घट्ट मिटून ठेवायचे!"
आतून कोणीतरी ट्यूब आणली. वाघ आमच्याकडे पाठ करून बसला. सगळं स्टेडियम दोन मिनिटं शांत बसून होतं. मागे कोणीतरी मोठ्याने सेकंद मोजत होतं.
मग तो वळला आणि वरचा सूर लावला. पूर्ण. सोडला नाही. अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही येतोय.
सूर संपल्यावर त्याने माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, "सांग, तुझ्यासाठी कुठलं गाऊ?"
मी 'पिवळी' म्हणायला पुढे वाकलो आणि पाठ धरली. आवाजच फुटेना. पट्टेवाल्याने माझ्या वतीने दुसरंच गाणं सांगितलं. मला त्या माणसाचं जे एकच गाणं आवडत नाही, नेमकं तेच.
वाघ ते माझ्याकडे बघत, सगळ्या कडव्यांसकट गायला.
नंतर स्वयंसेवकांनी व्हीलचेअर आणली. बायको खुर्च्यांतून वाट काढत आली. एका हातात उशी. डोळे लाल. विचारलं, माझ्या काळजीने का? म्हणाली, "छे हो, तो सूर."

१५ एप्रिल
कोणीतरी व्हिडिओ टाकलाय. कन्येच्या कॉलेजात मला 'कवळीकाका' म्हणतात. तिला म्हणालो, वाघाने शोमध्ये फक्त एका माणसाशी संवाद साधला, तो तुझा बाप. ती म्हणाली, "हो ना बाबा, दुर्दैवाने." पण नंतर पाहिलं तर तिने तो व्हिडिओ स्वतःच दोन मैत्रिणींना पाठवला होता.

१९ एप्रिल
कामावर रुजू. मालकांनी माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ठेवलीये. अपमान. बसलो.

२७ एप्रिल, रविवार
पाठ ठणठणीत. (जवळजवळ.)
सकाळी वाघाचा पहिला अल्बम लावला. बायकोला म्हणालो, ऐक, इथे 'स' किती स्वच्छ आहे, तेव्हा त्याचे स्वतःचे दात होते. माणसाने वेळेवर लक्ष द्यायला हवं. आजूबाजूचे लोक तोंडावर सांगत नाहीत हीच शोकांतिका.
तिने लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, सांगू का? वर्ष झालं, तुमच्या 'स'लाही शिट्टी येते."
म्हणालो, काहीतरीच. पुढचा एक दात किंचित हलतो, तेही फक्त बोलताना आणि जेवताना. एवढं होतं तर वर्षभर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही चिडला असतात."
मी चिडलो नाही. दार जरा जोरात लागलं इतकंच.

२७ एप्रिल, ११.०५
आरशासमोर 'समस्त संगीतरसिक' वीस वेळा म्हटलं. विसाव्या वेळी शिट्टी अगदी सुरात होती.