टेप कुठे थांबवायचा

रोहा, ६ ऑगस्ट १९८९

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

सरोजिनी वाचत असली की मला चष्मा लागत नाही, असं बाबा एकदा तुझ्याबद्दल म्हणाले होते. तुझं कार्ड आलं आणि तेच आठवलं. गणपती झाले की मुंबईचे डॉक्टर तुझं स्वरयंत्र काढणार, हे तू एका ओळीत उरकलंस, आणि मूर्तींच्या कारखान्यांतून पेणभर रंगाचा वास सुटलाय, ते मात्र सविस्तर!

इथे मी शिक्षकांना टेपरेकॉर्डर वर्गात कसा वापरायचा ते शिकवते आहे. पन्नाशीची माणसं, पण बटणाला हात लावायला घाबरतात. निडीच्या हैबतराव गुरुजींनी टेप लावला आणि स्वतःच हाताची घडी घालून मुलांसारखे ऐकत बसले. आम्ही पोट धरून हसलो.

ताई, तुला न विचारता मी शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटले. आवाज नसलेल्या बाईंना वर्ग देता येणार नाही, कचेरीत टेबल देऊ, असं म्हणाले. पण पाठ तुझ्या आवाजात टेप केलेले असतील तर चौथीचा वर्ग तुझ्याकडेच ठेवायला ते तयार आहेत. मशीन घेऊन येऊ का?

राग आला तर येऊ दे, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझी,
विमल

पेण, १३ ऑगस्ट १९८९

चि. विमल हिस,
पोटभर आशीर्वाद.

तू ये, मशीन नको. आमच्या जिते गावच्या शाळेत एक आहेच. हेडमास्तर कमळाकर गुरुजींनी ते कपाटात कुलूपबंद ठेवलंय. दसऱ्याला तेवढं बाहेर काढून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि पुन्हा आत. तुझ्या शिबिराला आधी त्यांना धाड!

वर्गातल्या केरूची आई, सीताबाई, रोज माझ्यासाठी सुंठीची पुडी पाठवते. परवा रस्त्यात गाठून म्हणाली, बाई, मधात खावा, चार दिसांत आवाज खणखणीत होतो का नाय बघा. तिला खरं काय ते सांगवलं नाही.

तुझी धडपड कळते गं. पण मी तोंड मिटून उभी आणि शेजारची पेटी माझ्याच आवाजात शिकवतेय, हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही. मुलं कुणाकडे बघतील, पेटीकडे की माझ्याकडे? जिवंतपणी आपल्याच फोटोला हार घालायचा तसं वाटतं. देतील ते टेबल घेईन. हा विषय इथे संपला.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ताई

रोहा, २० ऑगस्ट १९८९

ती. ताईस,
पुन्हा धाकटीचाच नमस्कार.

विषय संपला म्हणालीस, पण मला संपवता येत नाही. दोनदा लिहायला बसले आणि रडून उठले.

परवा शिबिर संपलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायला लावला. बहुतेकांनी टेप सुरू केला तो संपेपर्यंत चालूच. मुलं पेंगली. टेप थांबवायचा कुठे, असं सगळे मला विचारत होते. मी सांगत होते, टेपकडे बघू नका, पोरांकडे बघा. हैबतरावांना ते साधलं. एका शब्दाला मैना नावाच्या पोरीच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लगेच बटण दाबलं, तिला विचारलं, ती बोलेपर्यंत थांबले. मग पुढे. तेव्हा मुलं कुणाकडे बघत होती सांगू? पेटीकडे नाही, ताई. गुरुजींच्या बोटाकडे.

तो आवाज आणखी कुणाचाही असता तरी चाललं असतं. कुठे थांबायचं ते मात्र त्या वर्गाच्या मास्तरालाच कळतं. तुझी पोरं कुठे अडतात ते त्या टेबलावर बसून कुणाला सांगणार आहेस?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मशीन घेऊन पेणला येते. पाठ वाचू नकोस, कविताही नकोत. साहेबांचं मागाहून बघू. फक्त चौथीची हजेरी घे, एरवी घेतेस तशी, लाडाने, दटावून, एकेक नाव. सकाळी तू टेप लावायचास, नाव झालं की थांबवायचास, मूल हजर म्हणालं की पुढे. जूनमध्ये ही मुलं पाचवीत जातील आणि ती कॅसेट वर्गात कुणाच्या कामाची राहणार नाही, हे मला कळतं. तेव्हा ती माझ्याकडे राहील.

तू नाहीच म्हणणार. तरी विचारते. घेशील एकदा?

तुझी,
विमल