अक्षम्य बारा रोपं

ब्लाइथ, ६ ऑक्टोबर १९७४

ती. कथबर्टदादास, शि. सा. न. वि. वि.

नऊ वर्षांनी धाकट्या बहिणीचं पत्र आलं म्हणून फाडू नकोस, आधी वाच. तुझ्या वाफ्याला पांढरी बुरशी लागून सगळे लीक, आपले ते जाड दांड्याचे पातीचे कांदे, कुजले, असं मासळीवाल्यानं सांगितलं. बाबांनी चाळीस वर्षं जपलेलं वाण! मला रडूच फुटलं रे.

घराण्याचं वाण दुसऱ्या गावच्या लीक-क्लबाला द्यायचं नाही, हे ठाऊक असून लग्नात मी बारा रोपं लपवून सासरी आणली आणि माझ्या नॉर्मनच्या हवाली केली. लीकच्या प्रदर्शनात त्यानं तुला हरवलं, तेव्हा तू कार्डावर एकच शब्द धाडलास: ‘इरेमिसिबल’. डिक्शनरीत अर्थ सापडला, ज्याला क्षमाच नाही असा अपराध. खाणीत काम करणाऱ्याला हा शब्द मिळाला कुठून, म्हणून नवरा अजून हसतो. मी नाही हसले.

पण त्या अपराधामुळेच वाण जगलंय. रोपं पाठवू का?

तुझी, अजूनही तुझीच,
हिल्डा

अ‍ॅशिंग्टन, ११ ऑक्टोबर

चि. हिल्डास, अ. उ. आ.

मासळीवाला म्हणजे गावची दवंडी! नॉर्मनला सांग, शब्द चॅपलमधला आहे. पाद्रीबुवा तो वर्षातून एकदा काढायचे, महापापांसाठी. मी लीकसाठी काढला आणि मागे घेणार नाही. रोपं नकोत. यंदा कोबी लावीन.

तब्येतीला जप.
कथबर्ट

ब्लाइथ, १५ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

कोबी? बाबांचा मुलगा ना तू? लाज वाटते का काही!

आणि क्षमा मागतंय कोण? अपराध अक्षम्य, मान्य. पण असला अपराध केलेल्या बहिणीनं भावाकडे जेवायला यायचं की नाही, हे कुठल्याच डिक्शनरीत लिहिलेलं नाही. रोपं तयार आहेत. बुरशीची माती सोडून नवा वाफा खण. रविवारी येते.

रागावलास तरी चालेल, दार उघड.
हिल्डा

अ‍ॅशिंग्टन, १८ ऑक्टोबर

चि. हिल्डास, अ. उ. आ.

पाद्रीबुवांना विचारलं. म्हणाले, क्षमेचं देव बघेल, तुम्ही आधी जेवू घाला.

कुंपणापलीकडे नवा वाफा धरलाय. कंबर मोडली, म्हणून नॉर्मनला फावडं घेऊन आण. हरवलंय त्यानं मला, आता खणू दे. शब्द मात्र कायम आहे, सांगून ठेवतो.

मटण दुपारी एक वाजता भाजून तयार असेल. उशीर करू नका. नऊ वर्षं रविवारी एकटा जेवतोय गं, आता नाही सोसवत.

वाट पाहणारा,
दादा