पोटातलं खोटं

१२ जुलै, दुपार

प्रिय ताई,

काल फोनवर मला ओरडलीस, म्हणजे तब्येत बरीच सुधारली म्हणायची. इकडे सगळं ठीक. बेकरीतली नवी भट्टी पाव करपवते आणि तुझी भावजय मला.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तू सांगतेस म्हणे, "धाकट्यानं मला जीवदान दिलं." ताई, ते आता ऐकवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा नीट समजावलं होतं. छातीतल्या संसर्गासाठी तुला दिलेल्या अँटिबायोटिक्सनी आतड्यातले चांगले जिवाणूही मारले होते. ते नुसते पचनाला मदत करत नाहीत. आपलं कोण, परकं कोण, हे शरीराच्या पहारेकऱ्यांना शिकवण्यातही त्यांचा वाटा असतो. ती वस्ती उजाड झाली आणि एका घातक जंतूने तिथं ठाण मांडलं.

"निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीने आत सोडले, तर वस्ती पुन्हा उभी राहू शकते. तुम्ही द्याल?"

मी म्हणालो, "गेल्याच महिन्यात मी अँटिबायोटिक घेतलंय."

"मग तुमचं चालणार नाही."

चालणार नाही हे मला ठाऊक होतं. बाहेरच्या फलकावर दात्यांचे नियम वाचले होते. गोळीला मी हातही लावला नव्हता गं.

लाज वाटली. पाववाल्याने असलं काही दिलं हे कळलं, तर माझ्या हातचं कोण खाईल? एवढंच डोक्यात आलं. वाटलं, दुसरं कुणीतरी मिळेल. नाही मिळालं. तुझा ताप चढत गेला, तुला अतिदक्षता विभागात हलवलं. वरच्या मजल्यावर तुझी लेक बाळंत झाली, तेव्हा तिच्या उशाशी तू नव्हतीस. तिने माझा हात धरून विचारलं, "मामा, आई वाचेल ना?" तेव्हा कुठे मी खाली जाऊन खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तपासणीची चिठ्ठी तेवढी हातात दिली.

पुढचं तुला माहीत आहे.

आज सकाळी दाजी दुकानात आले आणि भर गर्दीत माझ्या गळ्यात पडले. मी काय दिलं, तेही मोठ्याने सांगितलं. गिऱ्हाइकं हसली, दोघा-तिघांनी पाठ थोपटली, आणि पाव घेऊन गेली. रोजच्यासारखी.

एवढ्यासाठी मी तुला मरणाच्या दारात ठेवलं होतं.

दाजींना अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. रविवारी येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बाहेर थांबेन.

तू अजून म्हणू दिलंस तर, तुझाच
धाकटा