माऊलीचा गळालेला तुकडा

१० जानेवारी २०२५, हसनाबाद

आल्या एकदाच्या फायली! पुण्याच्या आमच्या लॅबमधून — माझी धाकटी बहीण तृप्ती, तिचा नवरा शिवाजी आणि पोरगा माऊली, तिघांचा जीनोम. तीन वर्षांचा झाला तरी पोर "आई" म्हणत नाही. आणि धावड्यात तिची सासू पुष्पाबाई सांगत फिरते — "सुनंच्याच रक्तात खोट हाय." सुट्टी गेली खड्ड्यात. बसलेच.

१२ जानेवारी

माऊलीची जनुकं ठीक. पण मी बघते जनुकांच्या पलीकडे. तिथूनही लांबच लांब आरएनए निघतात, त्यांचं प्रथिन काही बनत नाही. कालपरवापर्यंत लोक कचराच म्हणायचे! स्वतः रांधायचं नाही, पण मीठ किती पडावं ते बाहेर बसून ठरवायचं — तसलं काम त्यांचं. बहुतेकांचं तर कामही अजून कुणाला कळलेलं नाही.

१३ जानेवारी

सापडलं! माऊलीत अशाच एका आरएनएचा तुकडा गळालाय. दुखणं त्याचंच, असं छातीठोक नाही सांगता येत. पण तृप्तीत तो शाबूत आहे, म्हणजे खोट तिच्याकडून आलेली नाही! आईला सांगितलं तर तिळाचे लाडू तसेच टाकून देवापुढे जाऊन बसली.

१४ जानेवारी

संक्रांत. कशात लक्ष नाही. शिवाजीचा नमुना लावला — माऊलीशी बापाइतका जुळतच नाही. सख्ख्या काकाइतका जुळतो. पुन्हा केलं. तेच!

शिवाजीला भाऊ एकच, कडूबा. राहतो त्याच घरात. आणि शिवाजी हंगामभर अंकुशनगरला, साखर कारखान्यावर. नको नको ते मनात येतंय.

१६ जानेवारी

राहवलं नाही. तृप्तीला विचारलं फोनवर — माऊली कडूबाचा का?

"ताई, तू बी?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

१७ जानेवारी

उचलत नाही.

१८ जानेवारी

शेवटी पुष्पाबाईंना लावला. सहज विचारलं, तपासणीला रक्त द्यायला शिवाजीच गेला होता ना?

"न्हाई गं, त्याला कुठली सुट्टी? मंग कडूबालाच धाडलं, नाव शिवाजीचं सांग म्हनलं. सख्खे भाऊ, रक्त येकच की!"

तृप्तीला द्या म्हटलं.

"ती गेली लेकरू घेऊन अंकुशनगरला, नवऱ्याकडं. जाताना म्हनली, आता मला माह्यार न्हाई. काय झालं गं तुमच्यात?"