भगताकडे गेल्यामुळे उशीर

डहाणू,
२ सप्टेंबर २०२४

ती. निलमताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत संमतीचा फॉर्म पाठवतो आहे. त्यावर खरा अंगठा लागतो, मोबाइलवरचा फोटो चालत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. मी फोनवर नुसतं हं हं करतो, ही तुझी तक्रार त्या निमित्ताने मिटेल.

माझा पहिला शोधनिबंध तयार झाला आहे. जुलैत आमच्या दवाखान्यात मण्यार चावलेली एक बाई आली होती, शुक्री, तुझ्या आश्रमशाळेमागच्याच पाड्यातली. तिसऱ्या दिवशी गेली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची खूण दिसत नाही, सुरुवातीला नुसतं पोट दुखतं आणि मग पापण्या मिटायला लागतात, म्हणून ही केस छापण्याजोगी आहे असं आमच्या दवाखान्याचे प्रमुख सर म्हणाले. आधी भगताकडे मंत्र-उताऱ्याला गेल्यामुळे उपचाराला उशीर झाला, असा निष्कर्ष काढला आहे. एक पेपर नावावर असला, तर सर पुण्याच्या संशोधन प्रकल्पात माझं नाव सुचवणार आहेत.

तिचा नवरा हाल्या याचा अंगठा तेवढा घेऊन ठेव. दोन मिनिटांचं काम आहे. मसोलीला आई बरी आहे, गुडघ्यावरचं औषध मलाच सांगते.

माया आहे तेवढी राहू दे, आटली तर कळव.

तुझा,
नविन


तलासरी,
९ सप्टेंबर २०२४

चि. नविनला अनेक आशीर्वाद, वि. वि.

फॉर्म कोराच परत पाठवते आहे. रागावू नकोस, आधी पुरतं वाच.

काय लिहिलंय ते न सांगता अंगठा घेणं मला जमेना. म्हणून हाल्याच्या ओटीवर बसून सगळं वारलीत समजावून सांगितलं. भगताच्या वाक्यापाशी हाल्याने मला थांबवलं. भगत, म्हणजे काकड्या, त्यांच्या शेजारीच राहतो. पहाटे शुक्रीच्या पोटातल्या कळा पाहून त्यानेच दवाखान्यात चला म्हटलं आणि आपल्या मोटरसायकलवर दोघांना तुमच्याकडे आणलं. आठ वाजता ते तिथे होते. डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुपारी तिच्या पापण्या उघडेनात, तेव्हा पुन्हा आणलं.

मला खरं वाटेना. मग हाल्याने प्लास्टिकच्या पिशवीतून सकाळचा केसपेपर काढून दाखवला. तारीख तीच आणि खाली तुझी सही. दहावीच्या फॉर्मसाठी ती सही मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती, ओळखायला वेळ लागला नाही. तू माझा भाऊ आहेस हे काही मी त्याला सांगितलं नाही. उठून आले. लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

तुला आठवत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे. जे असेल ते लिही.

लोभ आहे, म्हणूनच एवढं विचारलं.

तुझी,
ताई


डहाणू,
१५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवत होतं. त्या सकाळी बाहेर ऐंशी माणसं होती. ती पोट दुखतंय म्हणाली, मी पोट तपासलं. डोळ्यांकडे पाहिलं नाही, रात्री जमिनीवर झोपली होती का तेही विचारलं नाही. दुपारी स्ट्रेचरवरून उतरवताना मी तिला ओळखलं आणि गप्प बसलो. सरांना सकाळचं माहीत नव्हतं. भगताचं वाक्य त्यांनी सवयीने सांगितलं. असल्या पेपरात ते असतंच, कुणी विचारत नाही. माझी त्यात सोय झाली.

काल सरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, की खरं छापायचं तर छाप, पण त्यावर माझं नाव नको आणि पुण्याचं आता विसर. पहिल्या तपासणीत निदान झालं नाही, घरी पाठवलं, त्यात सहा तास गेले, असं मी आता लिहिलं आहे. पाठवणारा मीच होतो, हे हाल्याला सांगायला येत्या रविवारी येतो. तू आधी काही बोलू नकोस.

आशीर्वाद मागायचं धाडस होत नाही, तरी मागतो.

नविन


तलासरी,
२४ सप्टेंबर २०२४

चि. नविनला अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा तू हात जोडून सगळं बोललास, हाल्या उठून आत गेला आणि तू न जेवताच परतलास. आज तो आपणहून शाळेत आला. सोबतच्या फॉर्मवर त्याचा अंगठा आहे. त्याने तुला माफ केलं असं मात्र समजू नकोस, तसं तो म्हणाला नाही.

हा कागद कोण वाचणार, असं त्याने विचारलं. लांबलांबचे मोठे डॉक्टर, असं मी म्हटलं. तर म्हणाला, की त्यांच्याकडे आमची माणसं जात नाहीत. सकाळी दवाखान्यात जो बसतो, त्याला आधी वाचायला द्या.

वेळेवर जेवत जा. माझी माया कमी झालेली नाही, काळजी तेवढी वाढली आहे.

तुझी,
ताई


डहाणू,
२० ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वैद्यकीय मासिकाने पेपर परत पाठवला. यात नवीन काही नाही, असं कारण दिलं. दुसरीकडे पाठवला आहे.

हाल्याने सांगितलेलं केलं. एका पानावर साध्या मराठीत लिहिलं, की जमिनीवर झोपणारं माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून आलं, तर पापण्या बघा, गिळता येतं का विचारा, घरी पाठवू नका. ते पान ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवलं आहे. गेल्या आठवड्यात चंद्रिका नावाची नवी डॉक्टर रुजू झाली. तिने ते वाचलं आणि असं कुणाला खरंच घरी पाठवलं होतं का, म्हणून विचारलं. समोर पेशंटची रांग होती. हो, मीच पाठवलं होतं आणि ती बाई गेली, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं.  पुढचा नंबर पाय मुरगळलेल्या एका आजींचा होता. चंद्रिकाने आधी त्यांचे डोळे पाहिले.

तुझा लोभ उरला आहे का, हे विचारत नाही. असावा, एवढंच म्हणतो.

तुझा,
नविन